आज बारकी कोणाकडे?

कोलशेतच्या बंदरावरून मिठाचा पडाव सुटला तेव्हा माझी मुलगी धाय मोकलून रडत होती, आणि मला ते बरं वाटत होतं. कोणाला हे वाचून राग आला तर येऊ दे. तिची आई त्या पावसाळ्यात तापाने गेली होती. त्याच पावसाळ्यात खाडीच्या उधाणाने आमच्या मिठागराचा बांध फुटला, मिठाचे वाफे गाळाने भरले आणि मालकाने तो बांध पुन्हा घालायचं नाव काढलं नाही. कल्याणला आगगाडीच्या शेडमध्ये माणसं घेतात असं ऐकून मी निघालो होतो. बारकी तीन वर्षांची. तिने माझ्या पागोट्याचं टोक मुठीत धरलं होतं, ते वहिनीने एकेक बोट उलगडून सोडवलं. भरतीच्या पाण्यावर पडाव वर सरकू लागला, तिवरांच्या आड बंदर दिसेनासं झालं, तरी तिचा आवाज येत होता. माझ्यावाचून ज्याचं चालत नाही असं एक माणूस या जगात आहे, एवढंच घेऊन मी कल्याणला उतरलो.

तुम्ही कोलशेतात मागे राहिलात, तुम्हाला वाटतं गेलेले लोक सुटले. आणि माझ्याबरोबर इकडे धुरात आलेले आहेत, त्यांना वाटतं राहिलेले सुखी. दोघांचंही खोटं आहे. मी लिहायला शिकलो ते इथे, शेडमधल्या एका कारकुनाच्या मागे लागून, म्हणून माझ्या वाट्याचं खरं मी लिहून ठेवतो. ते माझ्या मुलीचं आहे आणि माझ्या पोटातल्या जळजळीचं आहे.

आई गेल्यावर बारकी भाताच्या कणगीमागे जाऊन बसू लागली होती. घरात कावळा शिरला तरी थरथर कापायची. बोलणं जवळजवळ बंद. भरतीच्या पाण्याचा आवाज आला की कान झाकून घ्यायची. आमचं घर खाडीच्या इतकं जवळ की दिवसातून दोनदा हे चालायचं. माझ्या पाठीला पाठ लागल्याशिवाय तिला झोप येत नसे. लोक हळहळत, म्हणत, पोर गेल्यात जमा. मी वरवर सुस्कारे टाकायचो, आणि आतून मला त्या पाठीला टेकलेल्या पाठीचा फार अभिमान होता.

कल्याणला रेल्वेच्या लायनीत, कामगारांच्या चाळीत, मला एक खोली मिळाली. भोंगा वाजला की उठायचं, भोंगा वाजला की जेवायचं. आधी राख उपसायचं काम, मग इंजिन पुसायचं, मग फिटरच्या हाताखाली पाना धरायचं. कोलशेतात दिवस भरती-ओहोटीने मोजत. इथे मी हजेरी, डूटी, ओव्हरटाइम असे शब्द शिकलो आणि ते बोलताना छाती काढायलाही शिकलो. लायनीत कोण नव्हतं? घाटावरचे, कोकणातले, तेलंगी, कल्याणचे जुने मुसलमान, आणि पलीकडच्या बंगल्यात गोरे ड्रायवर. कोणी कोणाचं नव्हतं. संध्याकाळी शेजारचा खलाशी, शेडमधला मजूर, आपल्या पोराला खांद्यावर घेऊन फिरवायचा तेव्हा मी दार लावून घ्यायचो. मग बारकी आता रडत असेल, असं मनात आणायचो. त्याने जेवण गोड लागे.

शिमग्याला पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा ती धावत आली. निघताना रडली, पण पडाव वळणावर येईपर्यंत आवाज थांबला होता. मी बराच वेळ कान देऊन बसलो. नावाडी म्हणाला, "वारा तिकरचा हाय, ऐकू येनार नाय." मी वाऱ्यावर विश्वास ठेवला.

दुसऱ्यांदा गेलो तो गौरी-गणपतीला. दुपारची वेळ. भाऊ ओसरीवर जाळीची टोपली विणत होता. घरात मुलगी नाही. मी पाणी पिऊन विचारलं, तर भावाने आत पाहून आवाज दिला, "अगं, आज बारकी कोनाकरं?"

आतून वहिनी म्हणाली, "आज मंगलवार ना. नागूबायकरं."

मला काही कळेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी गेल्यावर पहिला महिनाभर बारकी कणगीमागून निघेना. तेव्हा वहिनीने आळीतल्या बायका जमवल्या आणि पोरीचे वार लावले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, असे आठवडाभर. सकाळी न्हाऊन-माखून ज्या घरचा वार त्या घरी तिला पोचवायचं. तिथेच जेवायचं, तिथेच दुपारचं निजायचं, दिवेलागणीला परत आणायचं. जिच्या घरी वार ती त्या दिवसापुरती तिची आई. आमच्याकडे पूर्वी अशी चाल होती म्हणे, आईवेगळ्या पोरासाठी. मी कधी पाहिली नव्हती. वार लावून जेवणारे म्हणजे मला ठाण्यात भटांच्या घरी फिरणारे गरीब विद्यार्थी आठवले. माझं रक्त उसळलं. माझी मुलगी दारोदार जेवते? बाप जिवंत आहे, पगार आणतो आहे, आणि ती आळीच्या ताटात?

मी तसाच नागूबाईच्या अंगणात गेलो. नागूबाई कोळीण, आमच्या आळीच्या टोकाला राहायची. ती जाळं दुरुस्त करत बसली होती, आणि जाळ्याचं दुसरं टोक पायाच्या बोटांत अडकवून, हातांनी ताणून धरून, माझी बारकी बसली होती. आणि बडबडत होती. इतकी, की नागूबाईला मध्ये बोलायला जागा नव्हती. मला पाहून तिचा चेहरा फुलला, मी ते नाकारत नाही. पण ती उठली नाही. म्हणाली, "थांब बाबा. मी सोरलं त जालं ढिलं पडंल."

मी उन्हात उभा राहिलो. नागूबाई खाली मान घालून गाठी मारत होती आणि हसत होती, निदान मला तसं वाटलं. मी घेऊन आलेला लाल खण हातातच राहिला. बापाला थांब म्हणायला ह्या पोरीला कोणी शिकवलं? आणि कणगीमागून मी बाहेर काढायचं होतं ना तिला?

संध्याकाळी वहिनीवर मी बरसलो. वहिनी अंगाने लहान, आवाजाने त्याहून लहान. मिठाच्या टोपल्या उचलून तिच्या टाचांना भेगा पडलेल्या, तिच्या मांडीवर भावाचंच धाकटं पोर. तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "भावजी, एके आयशीवर पोर टाकली. ती आयस गेली न पोर अर्धी मेली. आता मी तिची आयस झाले, न उद्या मी गेले त? परत कनगीमागं? आलीतल्या सगल्या बायका एकदम मरत नाय."

मी म्हटलं, "आणि बाप?" ती म्हणाली, "बाप कल्यानला." एवढंच, आणि पोराला थोपटू लागली.

त्या आठवड्यात मी राहिलो तेव्हा हेरगिरी केली, असंच म्हणा. प्रत्येक घरी तिला काम होतं. पाहुणी म्हणून कोणी बसवत नव्हतं. एकीकडे कोंबड्या हाकायच्या, एकीकडे सुकटीवर राखण बसायची, एकीकडे रांगत्या पोराला चुलीपासून दूर ठेवायचं. गुरुवारी ती एका म्हाताऱ्याबरोबर बांधावर जाई. तो पलीकडच्या आगराचा राखणदार, त्याचं घर बायकोवाचून होतं तरी त्याने हट्टाने वार मागून घेतला होता. त्याने तिला भरती दाखवली. पाणी चढताना पळायचं नाही, आधी उभं राहून कोरडं कुठे आहे ते बघायचं, हे त्याने तिला इतक्यांदा सांगितलं की ती झोपेतही बडबडायची. कान झाकणं कधी थांबलं ते कोणाला आठवतही नव्हतं. रडण्याचंही असंच. नागूबाईकडे रडलेलं चालत असे, फक्त हातातलं काम सोडायचं नाही. दुसऱ्या घरी रडलं की घरची म्हातारी ओरडे. तिसऱ्या घरी जवळ घेत. कोणत्या घरी किती रडायचं हे त्या पोरीला पाठ होतं, आणि एका घरी मन दुखलं तर उद्या दुसरं घर आहे हेही तिला ठाऊक होतं. आळीतला जो तो मला थांबवून सांगे, बघ, पोर कशी उभी राहिली. मी मान डोलवायचो आणि माझं अंग जळायचं.

कशाकशावर जळायचं? ती चालायची नागूबाईसारखी, कमरेत हिसका देऊन. बोलण्याआधी म्हाताऱ्या राखणदारासारखी घसा खाकरायची. चार वर्षांची पोर! रागावली की वहिनीसारखी गप्प व्हायची. पडली तर उठून गुडघा झटकायची आणि आजूबाजूला कोण आहे ते बघायचीसुद्धा नाही. सगळ्यांचं काही ना काही तिच्यात आलं होतं. माझं काय, तर नाक. तेही वहिनी म्हणे आमच्या आईचं.

निघायच्या दिवशी ती बंदरावर आली. कोणीतरी दिलेलं खोबरं चावत होती. गालात एवढा मोठा घास की बोलता येईना, म्हणून तिने हात हलवला. रडणं नाही, काही नाही. पडाव वळला, मुंब्र्याचा डोंगर आला, डोंबिवलीच्या काठची भातखाचरं आली. शेवटी मीच रडलो. लोक म्हणतात मूल धीट झालं की बापाला आनंद होतो. होत असेल. मला त्या दिवशी वाटलं, माझ्या घरात चोरी झाली आहे आणि चोर सगळे नात्यातले आहेत.

पुढच्या वर्षी मी दुसरं लग्न केलं. रखमा मुरबाडकडची, शहाणी, थोडं बोलणारी. सगळ्यांनी मानलं की संसार नको म्हणवत नाही म्हणून केलं. मला मात्र बारकीला आणायचं होतं आणि घरात बाई असल्याशिवाय आणता येत नव्हतं, हे रखमालाही लग्नाआधी मी सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, आणा की.

मी कोलशेतला गेलो तो भांडायच्या तयारीने. मुलगी माझी, माझ्या घरी राहील, असं काय काय वाटेत घोकून ठेवलं होतं. वहिनीने ऐकलं आणि म्हणाली, "न्या. तुमचीच हाय." भांडण नाही, डोळ्याला पदर नाही. सांगतो, मला ते आवडलं नाही. ज्याचा हेवा करावा त्याने निदान हात आवळून तरी धरावं ना. माझी इतकी तयारी वाया गेली.

बंदरावर सगळी आळी आली. कोणी सुकट बांधून दिली, कोणी वालाचे दाणे, म्हाताऱ्या राखणदाराने बांधावरच्या तिवराची काठी तासून दिली. बारकी प्रत्येकाच्या पाया पडली. वहिनीच्या पाया पडताना मात्र ती वाकली आणि तशीच राहिली. वहिनीने तिला उठवलं, नाक पुसलं, आणि लुगड्याचा ओचा सारखा करत घराकडे वळली. तिने वळून पाहिलं नाही. मी बघत होतो.

पडावात बसल्यावर बारकीने मला विचारलं, "तिकरं वार कोनाकोनाचे हायत?"

मी म्हटलं, "तिकडे वार नाहीत. तिकडे फक्त मी आहे."

मला वाटलं ती हसेल. तिने बंदराकडे मान वळवली.

पहिले काही दिवस माझे फार चांगले गेले. भोंगे, इंजिनांचे हुंकार, अनोळखी भाषा, यांनी ती भेदरली. माझ्या मागे मागे फिरायची, मी शेडला निघालो की दारापर्यंत यायची, परतलो की दारात असायची. रात्री माझ्या पाठीला टेकणारी ती पाठही परत आली. रखमाला मी म्हणालो, बघ, रक्त ते रक्त. रखमा म्हणाली, "भेदरलीय ती." मी म्हटलं, असू दे.

मग एकदा परतलो तो दारात कोणी नाही. रखमा भाकऱ्या थापत होती. "तानूबाईकडे," ती म्हणाली. तानूबाई म्हणजे शेजारची, साताऱ्याकडच्या खलाशाची बायको. बारकी आपण होऊन तिच्या दारात जाऊन उभी राहिली होती आणि म्हणाली होती, "मना काय काम सांगा." तानूबाईने पोरगी चेष्टा करते असं समजून लसूण सोलायला दिला. तो सोलून झाला तेव्हा तिने विचारलं, तुमचा वार कोणता ठेवू? दुसऱ्या दिवशी ती गेली लायनीच्या टोकाला, खातूनबीकडे. खातूनबीचा नवरा बॉयलरवर होता. तिथे खाणंपिणं कसं करायचं हे तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. पाणी आपल्या तांब्यातलं, आणि हातात खातूनबीच्या गोधडीची सुई. तिसऱ्या दिवशी रुळांचे सांधे बदलणारा म्हातारा गणू पॉइंटमन, त्याच्या विड्या वळायला तंबाखू निवडायची.

शेडमध्ये एकाने मला हसत विचारलं, "काय रे, पोरीला कामाला लावतोयस काय घरोघर? पगार पुरत नाय काय तुला?" सगळे हसले. मी घरी आलो तो तापलेला. कोलशेतात वहिनीपुढे गिळलेलं सगळं त्या पोरीवर ओतलं. दारोदार फिरायचं नाही. जातीची ना पातीची घरं. आजपासून उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. ती ऐकत राहिली. एकदा घसा खाकरला, आणि हातातला तांब्या आत नेऊन ठेवला.

तिने हुकूम पाळला. उंबऱ्यावर बसायची, गुडघ्यांत तोंड घालून. दोन-चार दिवसांनी उंबराही सुटला. सरपणाच्या ढिगामागे बसू लागली. भोंगा वाजला की कान झाकायची. जेवण अर्धं राहायला लागलं. मी तिच्याजवळ बसायचो, गोष्टी सांगायचो, शेडमधला पितळेचा वायसर, भोकाची चकती, दिला खेळायला. ती वायसर हातात घेऊन बसायची, खेळायची नाही. मला पाहिजे होती तशी ती माझी झाली होती, एकट्या माझी, आणि दिवसेंदिवस वाळत होती.

रखमा एक दिवस ताट सरकवत म्हणाली, "तुम्हाला पोर पाहिजे का पोरीचं रडं पाहिजे, ते एकदा ठरवा."

परवानगी दिली असं नाही. मी फक्त दाराकडे पाठ करून बसू लागलो. दुसऱ्या सकाळी माझ्या पाठीमागून तांब्या उचलल्याचा आवाज आला आणि ती निघून गेली. चूक कोणाची होती हे मला आजही विचारू नका. बापाने हेवा करू नये असं कोणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, आणि ज्यांची पोरं जन्मापासून त्यांच्याच मांडीवर वाढली त्यांनी मला शिकवू नये.

पावसाळ्याआधी रखमा बाळंतपणाला माहेरी गेली. मी मनातल्या मनात खूश होतो. आता घरात आम्ही दोघंच. सुट्टीच्या दिवशी तिला खाडीवर नेईन, दुर्गाडीच्या देवीला नेईन, असं ठरवत होतो. तिला तेव्हा सातवं लागलं होतं. चूल पेटवायची, भात उतरवायची. सकाळी मी निघताना ती सांगायची, आज मी अमक्याकडे, आणि मी 'बरं' म्हणायचो. ते 'बरं' मला घासून घासून काढावं लागे.

त्याच दिवसांत शेडमध्ये एका इंजिनाची नळी सुटली आणि वाफ माझ्या दोन्ही हातांवर आली. मला एवढंच आठवतं की मी कोणालातरी पाणी मागितलं. दवाखान्यात डाकदराने कोपरापर्यंत दोन्ही हात बांधले. तिथे पडल्या पडल्या माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: सरपणामागे बसलेली बारकी. आई गेली, आळी गेली, रखमा नाही, आता बापही. मी कण्हायचो ते निम्मं हातांसाठी, निम्मं त्यासाठी.

गणू पॉइंटमन मला भेटायला आला. मी विचारलं, "पोरगी?" तो म्हणाला, "तानूबाईकडे निजते. काल खाल्लं पोटभर." मी विचारलं, "रडली का?" तो जरा विचार करून म्हणाला, "रडली की. खातूनबीच्या दारात रडली. मग उठून तुझी खोली झाडली." मी तोंड भिंतीकडे केलं. खातूनबीच्या दारात! माझ्यासाठी रडली आणि तेही मला बघायला मिळालं नाही.

घरी आणलं तेव्हा माझे हात दोन बोचक्यांसारखे. पाणी पिता येईना, माशी हाकलता येईना, धोतर सावरता येईना. खोली स्वच्छ होती. बारकीने मला पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि घसा खाकरला. मला वाटलं आता रडेल. तिने चटई नीट केली आणि म्हणाली, "भिंतीला टेक. मी येते." आणि बाहेर पळाली.

थोड्या वेळाने तानूबाई आली, ताटात दूध-भाकरी कुस्करून. "आज माझा वार," ती म्हणाली आणि माझ्यापुढे बसली. मी कोण, केवढा, मिशीवाला माणूस. शेजारच्या बाईच्या हातून घास खायचा? मी तोंड मिटलं. तानूबाई हसली नाही. म्हणाली, "भाऊ, पोरीनं लावलाय वार. मला पोरीला तोंड दाखवायचंय." मी तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी गणू आला, त्याने मला न्हाऊ घातलं, हजामाला बोलावून दाढी करवली, आणि त्याच्या घरचा भात भरवला. शुक्रवारी खातूनबी येऊन दारातच बसली आणि दुपारभर ताडाच्या पंख्याने माझ्यावरच्या माश्या वारत राहिली, आपल्या घरच्या हकिकती सांगत. पलीकडचा तेलंगी फायरमन, ज्याचं नाव मला धड घेता येत नव्हतं, तो येऊन माझे पाय चेपून गेला. ज्यांच्याशी मी कधी दोन शब्द बोललो नव्हतो त्या सगळ्यांना बारकीने माझा एकेक दिवस वाटून दिला होता.

आणि मी, हात बांधलेला, घास घेता घेता जळत होतो. या वेळी ते दुसऱ्यांच्या ताटात जेवावं लागलं म्हणून नव्हे. तर तिने सगळ्यांना वार दिले आणि स्वतःकडे एकही ठेवला नाही म्हणून. बाप तिला नकोसा झाला का? सगळ्यांच्या गळ्यात घालून मोकळी झाली का? जे मी वहिनीपाशी विचारू शकलो नाही, रखमापाशी विचारू शकलो नाही, ते मला आता तिलाच विचारायचं होतं.

एका दुपारी ती दाराशी बसून राखेने कढई घासत होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सोमवार तानूबाईचा, मंगळवार गणूचा, शुक्रवार खातूनबीचा. सगळ्यांना दिलेस. तुझा वार कोणता गं?"

तिने कढई उलटी केली, बुडाची काजळी नखाने खरवडली. "माजा कसला वार?" ती म्हणाली. "मी घरची ना. काकीला तरी कुठं होता?"

मग तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्यावर काहीतरी असावं, कारण तिने घसा खाकरला आणि मोठ्या माणसाला समजावतात तसं हळू म्हणाली, "तू बी घरचाच. म्हनून त तुजे वार लावले. परक्यासाठी कोन फिरंल दारोदार?"

त्या वेळी मला वहिनीचा जेवढा हेवा वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. इतकी वर्षं मी आळीतल्या बायकांचे दिवस मोजत जळत होतो, आणि जिच्या नावावर एकही दिवस नव्हता तिच्याकडे मी पाहिलंच नव्हतं. सकाळी न्हाऊ घालून पोचवणारी ती, दिवेलागणीला आणणारी ती, बंदरावरून वळून न बघता गेलेलीही तीच. हात बरे झाल्यावर मी सगळ्यात आधी कोलशेतला गेलो आणि तिच्यापुढे बसलो. तिने विचारलं, "हात दुखतात?" मी म्हटलं, "नाही." तिने माझ्यापुढे मिठाची टोपली सरकवली, खडे निवडायला, आणि मी निवडत बसलो.

आता वहिनी नाही. बारकी बाळकुमला सासरी आहे, लेकुरवाळी. मी अजून कल्याणलाच, लायनीतल्या त्याच खोलीत. रखमाची मुलं मोठी झाली. कोलशेत माझं घर की कल्याण, असं कोणी विचारलं तर पूर्वी मी वादाला उभा राहायचो. आता मी एवढंच बघतो, की कोणत्या दारात मला पाहुणा म्हणून पाट मांडत नाहीत. बाळकुमला गेलो की बारकीची सासू पाट मांडते, गूळपाणी देते. बारकी स्वयंपाकघरातून येते, पाट उचलून भिंतीला लावते आणि माझ्या मांडीवर तिचं रडकं धाकटं पोर टाकून निघून जाते. ते पोर माझ्याकडे बघून भोकाड पसरतं आणि दारात आलेल्या शेजारणीकडे झेपावतं. माझ्या पोटात लगेच आग पेटते. मी त्याला सोडत नाही. रडू देतो, आणि रडणं थांबेपर्यंत मांडीवर घेऊन बसतो.